मतदार खरमाटे यांची विभागीय चौकशी

मंगळवार, ११ मार्च. आकाश निरभ्र, वारा पडलेला, ऊन सकाळपासूनच तापलेलं. या दिवशी दहा वाजून वीस मिनिटांनी धामणवेल नगरपंचायतीच्या प्रभाग सातमधले मतदार भानुदास कोंडीबा खरमाटे यांना मतदार या पदावरून निलंबित करण्यात आलं.

आदेश घेऊन शिपाई महादू त्यांच्या दुकानात आला. खरमाटे रबरी शिक्के बनवायचे. तहसील कचेरीच्या समोरच्या रांगेत चौथं दुकान त्यांचं. महादूने पाकीट काउंटरवर ठेवलं, पोच घ्यायला वही पुढे केली आणि बसायला स्टूल ओढलं. खरमाटेंनी आधी सही केली, मग खाली वेळ घातली, मग पाकीट फोडलं. आदेश एका पानाचा होता. मतदार या पदाचे कर्तव्य बजावताना श्री. खरमाटे यांनी केलेल्या कृतीमुळे ओढ्यावरील मोरी खचली, असे प्रथमदर्शनी दिसून येते, असं त्यात म्हटलं होतं. खाली मुख्याधिकाऱ्यांची सही आणि शिक्का. शिक्का खरमाटेंनीच सहा वर्षांपूर्वी करून दिलेला होता. त्यातला एक कोपरा झिजलाय, दुरुस्तीला पाठवून द्या, असं त्यांनी महादूला सांगितलं. महादू म्हणाला, सांगतो साहेबांना. मग चहा पिऊन तो गेला.

मोरी १९ जानेवारीला खचली होती. पाऊस नव्हता, पूर नव्हता. लग्नाची वरात चालली होती, बँडवाल्यांची जनरेटरची गाडी मोरीच्या मधोमध आली आणि मोरी बसली. माणसं वाचली, जनरेटर आणि एक मोठा ढोल ओढ्यात गेला. मोरी बांधून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा जबाबदारी निश्चित करणं भागच होतं.

ती निश्चित करण्याची रीत ठरलेली आहे. आधी मोरी पास करणारे शाखा अभियंता अरविंद गुंजाळ यांची चौकशी झाली. त्यांनी लिहून दिलं की आपल्याकडे अकरा गावं आहेत, मोजमाप वहीवर आपण कार्यालयात बसून, घाईत, न बघता, सद्भावनेने सही केली. सद्भावना सिद्ध झाली आणि त्यांच्यावर ठपका ठेवून प्रकरण मिटवण्यात आलं. मग नगरसेवक रमाकांत बोडरे यांना विचारणा झाली. ते म्हणाले, मी काही आपण होऊन खुर्चीवर बसलो नाही, मला लोकांनी निवडून दिलं. हे म्हणणं कागदोपत्री खरं होतं. त्यामुळे प्रकरण लोकांकडे आलं.

प्रभाग सातमध्ये लोक पुष्कळ, पण निकाल एका मताचा. बोडरे चारशे बारा, सुलभा तांबवेकर चारशे अकरा, बाकीचे तिघे मिळून बेचाळीस. एकूण आठशे पासष्ट मतं पडली. आठशे पासष्टावं मत नोंदवहीप्रमाणे खरमाटेंचं. ते शेवटी गेले, म्हणजे ते जाईपर्यंत निकाल लागलेला नव्हता. ते जाऊन आले आणि बोडरे निवडून आले. प्रशासनाने याहून जास्त काही म्हटलेलं नव्हतं.

खरमाटे दर निवडणुकीला शेवटीच जायचे, हेही खरं. गर्दी ओसरली की माणसाला नीट वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं. अठराव्या वर्षापासून झालेल्या लहानमोठ्या सत्तावीस निवडणुकांपैकी त्यांनी एकही चुकवली नव्हती. तरुणपणी त्यांनी लिपिकाच्या परीक्षा तीन वेळा दिल्या, तिन्ही वेळा थोडक्यात राहिले, मग वय गेलं. कचेरीतल्या प्रत्येक पदाचा शिक्का त्यांच्या हातून गेला होता, पण स्वतःला पद असं एकच मिळालं, ते मतदाराचं. तो आदेश त्यांनी तीनदा वाचला. चौकशीत आरोप सिद्ध झाला तर नाव यादीतून कायमचं कमी होणार होतं. पुढची निवडणूक १५ जूनला होती.

निलंबनाच्या काळात पाळायच्या अटी त्याच पानाच्या मागच्या बाजूला होत्या. परवानगीशिवाय प्रभाग सोडायचा नाही. रोज दहा वाजता समाजमंदिरात जाऊन हजेरीवर सही करायची. सरकारविषयी नाराजी व्यक्त करायची नाही. पहिल्या दोन अटी खरमाटेंना जड गेल्या नाहीत. तिसरीने मात्र त्यांचा संध्याकाळचा चहा बेचव केला. टपरीवर पाण्याची, विजेची, रस्त्याची गोष्ट निघाली की खरमाटे बशीकडे बघत बसायचे. दोनचार दिवसांत लोकांनाही अवघडल्यासारखं व्हायला लागलं. कोणी तावात येऊन बोलायला लागला की दुसरा त्याला कोपराने ढोसायचा आणि हळू म्हणायचा, त्यांच्यासमोर नको, ते निलंबित आहेत.

शाखा अभियंता अरविंद गुंजाळ हे खरमाटेंचे सख्खे मेहुणे, म्हणजे खरमाटेंची बायको शालन हिचा धाकटा भाऊ. नियमाप्रमाणे निलंबित माणसाला एक बचाव सहायक घेता येतो. शालनने भावाला बोलावून घेतलं. तो रविवारी आला, पाट मांडून जेवायला बसला आणि दुसऱ्या भाकरीला समजावून सांगायला लागला. पहिलं म्हणजे तारखा मागायच्या. दुसरं, कागद मागायचे. एक कागद दिला की त्याच्या मागचा मागायचा. तिसरं, आजारी पडायचं. त्याच्या खात्यात एक जण या पद्धतीने एकोणीस वर्षं चौकशीत होता आणि मानाने निवृत्त झाला.

खरमाटेंनी विचारलं, निवडणूक जूनमध्ये आहे, एकोणीस वर्षं काय करायची.

मग अरविंदने हात धुतला आणि मुद्द्याचं सांगितलं.

"दाजी, चौकशीत माणूस बघितल्यामुळे अडकतो. न बघणाऱ्याला ठपका मिळतो, बघणाऱ्याला घरी बसवतात. तुम्ही एवढंच म्हणायचं की घाईत होतो, बघितलं नाही, बटण दाबलं आणि आलो."

"पण मी बघितलं होतं."

"मी पण बघितलं असतं, मोरीवर गेलो असतो तर. म्हणून तर गेलो नाही."

शालन म्हणाली, तो सांगतोय ते ऐका, त्याला नोकरीची तेवीस वर्षं झालीत. तिला नवऱ्याचं नाव यादीत राहायला हवं होतं, कारण तिचा हिशेब वेगळा होता. ती सुलभाबाई तांबवेकरांच्या बचत गटात होती. मागच्या खेपेला एका मताने गेलेली जागा या खेपेला परत आणायची, असं गटाने ठरवलं होतं. घरातली दोन मतं तिने केव्हाच सुलभाबाईंच्या नावावर धरून ठेवली होती. खरमाटेंनी मागच्या वेळी कोणाला मत दिलं हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. शालनने विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात, असं तिला वाटत होतं.

चौकशी ८ एप्रिलला झाली. त्या दिवशी ढग आले होते, पडला मात्र थेंबही नाही. सभागृहाची किल्ली सापडत नव्हती म्हणून जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत टेबल लावलं. चौकशी अधिकारी पंचायत समितीतल्या विस्तार अधिकारी मंगल ढोबळे होत्या. त्यांच्याकडे त्या दिवशी तीन चौकश्या होत्या आणि ही दुसरी. त्या शांत बाई होत्या, आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी खरमाटेंना बसायला सांगितलं, पंखा थोडा वळवला आणि आरोप वाचून दाखवला.

खरमाटेंनी पहिलाच प्रश्न विचारला की मी बोडरेंना मत दिलंच नसेल तर? मॅडमनी मान हलवली. मत गुप्त असतं. ते विचारायला कायद्याने बंदी आहे आणि सांगायलाही आहे. त्यामुळे तुम्ही कोणाला मत दिलं हा भाग चौकशीत जमेस धरता येत नाही, फक्त कसं दिलं एवढंच बघता येतं. खरमाटेंना हे पटलं. त्यांनी तसं म्हटलंही.

"आत किती वेळ होतात?"

"चार मिनिटं. केंद्राध्यक्षांनी दोनदा हाक मारली."

"चार मिनिटं काय केलंत?"

"नावं वाचली."

"सगळी?"

"पाचही. चिन्हांसकट. मग प्रत्येकाने काय काय कबूल केलं होतं ते आठवलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. शेजारी बसलेल्या अरविंदने डोळे मिटून घेतले. मॅडमनी सांगितलं की हे लिहून घेतलं तर कृती विचारपूर्वक केली असं होतं आणि विचारपूर्वक केलेल्या कृतीला ठपक्यावर सोडता येत नाही. त्यांनी फायलीतून एक टाइप केलेला कागद काढला. घाईत, न बघता, सद्भावनेने, असे तीन शब्द त्यात होते. इंजिनिअरसाहेबांच्या जबाबावरूनच तो तयार केला होता, फक्त सहीच्या जागी बटण केलं होतं. माणूस चांगला आहे हे बघून त्यांनी तो आपण होऊन करून आणला होता. खाली सहीची जागा सोडली होती.

खरमाटेंनी चष्मा लावून कागद वाचला. तो कुठेही चुकलेला नव्हता. त्यांनी तो सरळ करून टेबलावर ठेवला.

"मॅडम, मी तीन वेळा परीक्षा दिली. नोकरी काही लागली नाही. सरकारने माझ्याकडे सोपवलेलं असं हे एकच काम, पाच वर्षांतून एकदा. ते मी बघून करतो. बघितलं नाही असं कसं लिहून देऊ?"

"मग नाव जाईल, खरमाटे."

"नाव राहायला पाहिजे. मला ते हवंय. पण बघितलं होतं."

मॅडमनी तेच शब्द लिहून घेतले. अरविंदने बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावली आणि त्यांना घरी आणून सोडलं. दारात म्हणाला, "दाजी, तुम्ही सरकारी नोकरीत टिकला नसता." खरमाटेंनी विचार करून हो म्हटलं.

शुक्रवार, २ मे रोजी बडतर्फीचा आदेश निघाला. त्याच दिवशी यादीतलं त्यांचं नाव लाल शाईने खोडलं गेलं आणि प्रभाग सातची यादी एका नावाने कमी झाली. समाजमंदिरात जाऊन सही करायचं कारण उरलं नाही. तरी खरमाटे आठवडाभर दहा वाजता दुकानातून उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि परत येऊन बसायचे. नाराजी व्यक्त करायची बंदीही उठली होती. पण टपरीवर आता ते बोलायला लागले की लोकच म्हणायचे, तुम्हाला काय त्याचं, तुम्ही कुठे मतदार आहात.

या प्रकरणाने प्रभागात धास्ती बसली. आजवर लोक मत द्यायचे आणि विसरून जायचे. आता प्रत्येकाला वाटायला लागलं की पुढच्या पाच वर्षांत काही खचलं तर कागद आपल्या दारात यायचा. लोक अरविंद गुंजाळकडे सल्ल्याला यायला लागले. कचेरीतल्या माणसाला हे कळतं, असं सगळ्यांचं मत पडलं. अरविंदने सगळ्यांना एकच सांगितलं. आधीच्याने केलंय तसंच पुढे चालवायचं. बदल केला की कारण द्यावं लागतं. जुन्यासारखंच ठेवलं तर कोणी विचारत नाही. सगळी खाती अशीच चालतात. लोकांना ते पटलं. मागच्या खेपेला ज्याला मत दिलं त्यालाच द्यायचं असं जो तो ठरवून बसला. पाच वर्षांत जे वारले त्यांच्या घरात कोणी ना कोणी अठरा वर्षांचं झालं होतं. त्याने गेलेल्या माणसाचं मत अनुकंपा तत्त्वावर पुढे चालवायचं, असंही ठरलं. मतांच्या या नोकऱ्या एकाच दिवसात भरल्या.

रविवार, १५ जून. सकाळी ढगाळ, दुपारी उघडीप. मतदान सातला सुरू व्हायचं होतं. पहाटे पाचपासून रांग लागली, कारण शेवटचं कोणालाच व्हायचं नव्हतं. अकरा वाजता आठशे बासष्ट लोक मत देऊन घरी गेलेले होते. उरलेले दोघे, एक निवृत्त मास्तर आणि एक पीठगिरणीवाले, रांगेच्या शेवटी पोचल्याचं लक्षात येताच दोघांनी एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही असं करायचं बंद केलं आणि आधी मी, आधी मी असं सुरू केलं. शेवटी केंद्राध्यक्षांनी वय बघून मास्तरांना आधी सोडलं. पीठगिरणीवाले आत जाताना, मी डोळे मिटून जातोय, लिहून घ्या, असं मोठ्याने म्हणाले. तसं लिहून घेण्यात आलं.

खरमाटे त्या दिवशी दुकानातच होते. खोलीत शाईचा वास होता आणि करायला एकही शिक्का नव्हता.

सोमवारी तहसील कचेरीत मतमोजणी झाली. प्रभाग सातचं मशीन दुपारी तीनला उघडलं. बोडरे चारशे अकरा. सुलभा तांबवेकर चारशे अकरा. बाकीचे तिघे पहिल्यासारखेच, एकतीस, नऊ आणि दोन. तहसीलदार पाखरे यांनी आकडे पुन्हा तपासायला सांगितले. तेच आले.

दोराच्या पलीकडे उभ्या असलेल्या लोकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. सगळ्यांनी तेच केलं होतं जे मागच्या वेळी केलं. सुलभाबाईंचं एकही मत कमी झालेलं नव्हतं. बोडरेंचं एक कमी झालं होतं, आणि यादीतून एकच नाव कमी झालं होतं. शालन सुलभाबाईंना खेटून उभी होती. तिने पदर सावरला आणि ती दोन पावलं बाजूला झाली.

मतं समान पडली तर चिठ्ठी काढायची असा नियम आहे. तहसीलदारांनी दोन चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या, स्टीलचा डबा आणवला आणि तिथेच थांबले. चिठ्ठी ते स्वतः काढणार नव्हते. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती आणि चिठ्ठी काढणाऱ्याच्या हातून कोण निवडून आलं हे तर सगळ्यांसमोर दिसतं, तिथे गुप्तता नाही. त्यांनी नायब तहसीलदारांकडे बघितलं. नायब तहसीलदारांनी अव्वल कारकुनाकडे बघितलं. मोजणीला नेमलेला अरविंद गुंजाळ तेवढ्यात पाणी प्यायला गेला. दोरापलीकडच्या मतदारांना विचारलं तर ते मागे सरकले. एक म्हणाला, साहेब, आम्ही मतदार आहोत, आमची चौकशी होते.

तेव्हा तहसीलदारांच्या लक्षात आलं की जो कर्मचारी नाही आणि मतदारही नाही, असा गावात एकच माणूस आहे. त्याची चौकशी कोणत्याच नियमाखाली करता येत नाही. त्यांनी महादूला समोरच्या दुकानात पाठवलं.

खरमाटे हात पुसत आले. दोरापाशी शालन उभी होती. तिने त्यांना अडवलं.

"चार मिनिटं वाचलंत. आणि हे?"

"मोरी बांधतो असं फक्त त्यानेच लिहून दिलं होतं," खरमाटे म्हणाले. "आणि त्याने बांधली."

शालनने दोर वर उचलून धरला. ते खालून वाकून आत गेले.

तहसीलदारांनी त्यांना काय करायचं ते समजावून सांगितलं. खरमाटेंनी दोन्ही चिठ्ठ्या मागून घेतल्या. एकीवर रमाकांत बोडरे आणि दुसरीवर सुलभा तांबवेकर असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्या वाचल्या, चिन्हं लिहिलेली नाहीत असं निदर्शनाला आणलं आणि चिन्हं लिहून घेतली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. कितीतरी वेळ झाला तसे तहसीलदार खाकरले. खरमाटेंनी विचारलं की घडी न घालता ठेवल्या तर चालतील का. नियमात ते बसत नव्हतं. चिठ्ठ्यांच्या सारख्या घड्या करण्यात आल्या, डबा हलवण्यात आला.

"आता बघायचं नाही," तहसीलदार म्हणाले.

"अजिबातच नाही?"

"अजिबात नाही. डोळे मिटा."

खरमाटेंनी दोरापलीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि हात घातला.

चिठ्ठी तहसीलदारांनी उघडून वाचली. पंचनामा झाला. चिठ्ठी न बघता, सद्भावनेने काढण्यात आली, असं त्यात लिहिलं. खरमाटेंनी सही केली. सहीखालच्या पदाच्या रकान्यात काय लिहायचं असं कारकुनाने विचारलं, तेव्हा तहसीलदारांनी तिथे आडवी रेघ मारायला सांगितली.

प्रभाग सातचा निकाल चार वाजून बेचाळीस मिनिटांनी जाहीर झाला. रमाकांत बोडरे विजयी. चारशे अकरा मतं आणि एक चिठ्ठी.